दीक्षाची उचकी आणि माझं शिबिर

दीक्षा गजभियेला उचकी लागली की वसतिगृहातल्या पोरी विचारायच्या, "कोण आठवण काढतंय गं?" आणि दीक्षा खरोखर मोबाईल उघडून बघायची. आठवण काढणारे तिथं रांगेत उभे असायचे. कुणाची फाइल लिहायची राहिलेली, कुणाला ग्राफ काढून हवा, कुणाला प्रेझेंटेशनच्या स्लाइड हव्यात, कुणाचं ब्रेकअप झालेलं म्हणून रडायला माणूस हवं. लोकांची उचकी पाणी प्यायल्यावर जाते. हिची सबमिशन संपल्यावर जायची, आणि इंजिनिअरिंगला सबमिशन कधी संपत नसतं हे माझ्यासारख्या दहावी पास बाईलासुद्धा आता पाठ झालंय.

मी नंदा. खडकीत माझी एक संघटना आहे. संघटनेत तशी मंडळी दोन, मी आणि शिक्का. माझा नवरा रामदास दारूगोळा कारखान्यातून रिटायर झाला, पण तो स्वतःला सभासद मानत नाही. "मी प्रेक्षक," म्हणतो. घरात मला 'अध्यक्ष' म्हणतो, आणि ज्या सुरात म्हणतो तो ऐकून दुसऱ्या कुणीही राजीनामा दिला असता. मी दिला नाही. राजीनामा देणं माझ्या स्वभावात नाही, मागणं आहे.

कायदा मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. रद्दीच्या दुकानात बसून शिकले, सरकारी कचेऱ्यांच्या बाकांवर बसून शिकले आणि उरलेला भांडून शिकले. चौकीत मी शिरले की हवालदार आधी पंखा वाढवतो. याचा मला अभिमान होता. पंखा माझ्यासाठी वाढवतात की स्वतःसाठी, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

दीक्षा माझ्याकडे आली ती वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवरून. टाकी कित्येक महिने धुतलेली नव्हती. चार पोरी आल्या. तिघी बोलत होत्या आणि चौथी हातात कागद धरून मागं उभी होती, उचक्या देत. मी कागद घेतला. निवेदन इतकं नेटकं लिहिलेलं होतं की त्यात काही चूक काढल्याशिवाय माझी अध्यक्षकी टिकली नसती. म्हटलं, "इथं 'तात्काळ' शब्द हवा." ती म्हणाली, "हो जी ताई," आणि लिहिला. तो शब्द वरच्या ओळीत आधीच होता, हे मला दुसऱ्या दिवशी टाकीवर चढून घोषणा देताना दिसलं. ती काही बोलली नव्हती. हो म्हणाली होती.

टाकी धुतली गेली. श्रेय मी घेतलं. आणि त्या दिवसापासून माझी निवेदनं कॉम्प्युटरवर टाइप होऊन जाऊ लागली, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. दीक्षा दर मंगळवारी कॉलेजातून येता येता खडकीला उतरायची, चहा प्यायची, टाइप करायची, कप विसळून ठेवायची आणि जायची. मी लोकांना सांगायचे, पोरगी चळवळीत आलीय. रामदास म्हणायचा, "चळवळीत नाही, टायपिंगला आलीय."

ती भंडाऱ्याकडची, लाखांदूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडील भाताच्या गिरणीत, आई अंगणवाडीत मदतनीस. पुण्याला इंजिनिअरिंगला निघालेली गावातली पहिली मुलगी. निघताना विहारात तिचा सत्कार झाला, शाल, पुष्पगुच्छ, भाषणं सगळं. सत्कार हा फार घातक प्रकार आहे. तो एकदा झाला की माणसाला नापास व्हायची सोय राहत नाही.

पुण्यात आल्यावर पहिले काही महिने तिचं बोलणं ऐकून वर्गातली पोरं हसायची. ती "मी येऊन राहिली" म्हणाली की मागच्या बाकावरून तेच परत यायचं, गाण्यासारखं. मग ती बोलेनाशी झाली. डबा जिन्यात बसून खायची. एक दिवस आनंदी नावाच्या मुलीनं, कोथरूडची होती, बाकावरची आपली सॅक उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बस ना इथं." एवढंच. पण दीक्षाच्या डोक्यात ते असं बसलं की ही जागा दिलेली आहे, म्हणजे काढूनही घेता येते. तेव्हापासून आनंदीच्या फाइली दीक्षाच्या अक्षरात दिसू लागल्या. आनंदी वाईट नव्हती. तिनं काही सॅक उचलायची किंमत मागितली नव्हती. फक्त समोरून ताट वाढलेलं आलं तर कोण उठून स्वयंपाकघरात जातं?

या सगळ्या धांदलीत दीक्षाचा एक विषय राहिला. एम थ्री. इंजिनिअरिंगचं तिसरं गणित, ज्याच्या नावानं पुण्यात पोरं सारसबागेच्या गणपतीला नवस बोलतात आणि दीक्षासारख्या नवस न मानणाऱ्याही घाबरतात. या वेळी ते निघालं नाही तर वायडी, म्हणजे वर्षभर घरी. वर्ष गेलं की नियमाप्रमाणे वसतिगृहाची खोलीही जाते. खोली गेली की पुण्यात राहायची दुसरी सोय नाही. म्हणजे परत लाखांदूर, सत्कार करणाऱ्या त्याच माणसांसमोर.

हे सगळं ती मला सांगत होती तेव्हा माझं निवेदन टाइप करत होती. हे वाक्य मी मुद्दाम असं लिहिलंय. त्या वेळी मला त्यात काही विचित्र दिसलं नव्हतं.

"कॉलेजात समुपदेशन करणाऱ्या मॅडम आहेत," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं, वेळेवर झोप, जेव, आणि नाही म्हणायला शीक."

"मॅडमना सांगायला काय जातंय," मी म्हटलं. "नाही म्हणायला मी शिकवते. पुण्यात माझ्याइतकं 'नाही' कुणी म्हटलं नसेल."

आतून रामदासचा आवाज आला, "आणि माझ्याइतकं कुणी ऐकलं नसेल."

मी शिकवणी सुरू केली. पहिला धडा माझा स्वतःचा होता, रस्त्यावर कमावलेला. नाही म्हणताना कारण द्यायचं नाही. कारण म्हणजे दाराची फट. 'मला बरं नाही' म्हणालीस की समोरचा गोळी आणून देतो आणि वर काम करून घेतो. 'वेळ नाही' म्हणालीस की तो म्हणतो, मग उद्या. नुसतं 'नाही' म्हणायचं आणि गप्प बसायचं. समोरच्याला त्या शांततेत गुदमरू द्यायचं.

"पण त्याला राग आला तर?" तिनं विचारलं.

"आपण त्याच्या आधी चिडायचं."

तिनं वहीत काही लिहिलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, भारावली.

प्रात्यक्षिकासाठी तिला खडकी बाजारात नेलं. सांगितलं, त्या कपड्यांच्या दुकानात जा, दहा कुर्ते काढायला लाव, आणि एकही न घेता बाहेर ये. मी समोरच्या उसाच्या गाड्यावर उभी राहिले. बराच वेळ गेला. माझा दुसरा ग्लास संपला तेव्हा ती बाहेर आली. हातात पिशवी नव्हती. मला आनंद झाला.

"नाही म्हणालीस?"

"हो ताई, कुर्ता नाही घेतला."

"शाब्बास. मग इतका वेळ काय करत होतीस?"

"दुकानदाराची मुलगी बारावीला आहे. केमिस्ट्री कठीण चाललंय तिला. रविवारी शिकवायला येते म्हटलं."

आणि उचकी.

दुसरा प्रयोग मी स्वतः केला, कारण माझ्यात धीर नावाची गोष्ट देवानं घातली नाही आणि मी देव मानत नसल्यामुळे तक्रारही करता येत नाही. त्या मंगळवारी दीक्षा टाइप करत असताना आनंदीचा फोन आला. स्पीकर चालू होता. "दीक्षू, प्लीज ना यार, लास्ट टाइम. रीडिंग्ज पाठवते, तू फक्त फाइलमध्ये भर." दीक्षाच्या तोंडून 'हो' निघायच्या आत मी फोन ओढून घेतला.

मी काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. सुरुवात "कोथरूडात पोरींना हात नसतात का" इथून झाली आणि शेवट शोषणाच्या इतिहासावर झाला. मधे एकदा श्वास घेतला. पलीकडून बारीक आवाजात, "सॉरी काकू." आणि फोन बंद.

ताई म्हणतात मला सगळे. काकू कुणी म्हटलं नव्हतं.

पण दीक्षाची उचकी थांबली होती. मी म्हटलं, "बघ, गेली का नाही?" रामदास म्हणाला, "श्वासच घेत नाहीये ती, उचकी कुठून येणार."

पुढच्या आठवड्यात कळलं की आनंदी दुसऱ्या बाकावर बसायला लागली आणि दीक्षा पुन्हा जिन्यात डबा खाते. मी तिला समजावलं, "आंदोलनात असं होतं. किंमत मोजावी लागते." ती हो म्हणाली. मग मी म्हटलं, "जाताना तेवढं ड्रेनेजचं निवेदन करून जा." ती पुन्हा हो म्हणाली. उचकी परतली होती, आता वेगळ्या चालीची, दोन दोन एकदम.

असा माझा उपचार चाललेला असताना मला शिबिराची कल्पना सुचली. कॉलेजच्या पोरांचा ताण आणि त्यांची नाती यावर बोलायला खडकीत कुणी नाही, आणि माझ्याकडे तर जिवंत उदाहरण होतं. समाजमंदिराचा हॉल एका रविवारी रिकामा मिळाला. इतका सहज मिळाला की मला संशय यायला हवा होता. मी त्याला शुभशकुन मानलं. शकुन मानत नाही, तरी.

आता आमच्या चळवळीतली एक पद्धत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमच्यात माणसाला विचारून नाव छापत नाहीत. नाव छापलं जाणं हाच मान, त्यात विचारायचं काय. माणूस आपलं नाव बघून येतो, नाहीतर आपलं नाव कुणाच्या खाली छापलंय ते बघून भांडायला येतो, पण येतो. माझंही नाव कुणी कुणी असं छापलंय. एकदा रक्तदान शिबिराच्या पत्रकावर होतं. मला सुईची भीती वाटते. तरी गेले, दिलं, चक्कर आली, फोटोही आला.

तर मी फ्लेक्स छापला. वर माझा फोटो, हात वर केलेला. खाली ठळक अक्षरांत 'विद्यार्थ्यांमधील ताणतणाव आणि निकोप नाती: एकदिवसीय शिबिर'. त्याखाली 'प्रमुख वक्त्या: कु. दीक्षा गजभिये, ताणावर मात केलेली विद्यार्थिनी'. तिचा फोटो टाकीच्या आंदोलनातला होता, तोंड उघडं. मला वाटलं, घोषणा देतेय. ती उचकी होती.

एक फ्लेक्स मेट्रोच्या खांबाला लावला आणि एक वसतिगृहाच्या फाटकासमोर, तिला येता जाता दिसावा म्हणून. बेकायदा फ्लेक्सविरुद्ध महापालिकेला सगळ्यांत जास्त निवेदनं माझीच गेलीत, हे रामदासनं चहा पिता पिता आठवून दिलं. "याच्याविरुद्धही द्या एक," म्हणाला. "फक्त टाइप कोण करणार ते बघा."

गुरुवारी दुपारी दीक्षा आली. मंगळवार नसताना. मी ओट्याशी होते, तिथूनच म्हटलं, "बघितलास का फ्लेक्स? कसा आलाय?"

"जय भीम ताई. मोठा आलाय."

"मग भाषण लिहून ठेव. आधी उचकी, मग कॉलेजातल्या मॅडम, मग मी भेटले, या क्रमानं. शेवट आनंदाचा कर."

तिनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला. कपात बघत होती. मग वर बघून म्हणाली, "मी येत नाही ताई."

मला वाटलं, उशिरा येते म्हणतेय. "कधी येतेस मग?"

"येत नाही. शिबिराला."

"का?"

ती काही बोलली नाही.

"का, ते विचारतेय मी."

"कारण नाही द्यायचं ना जी," ती म्हणाली. "तुम्हीच म्हटलं."

आत रामदासनं वर्तमानपत्र खाली घेतल्याचा आवाज आला.

मग मी सुरू झाले. लोकांनी मला ज्या ज्या पद्धतीनं 'हो' म्हणायला लावलं होतं, त्या सगळ्या मला आपोआप आठवल्या आणि मी त्या एकामागून एक काढल्या. नाव छापलंय, इज्जतीचा प्रश्न आहे. तुझ्यासाठी मी या वयात टाकीवर चढले. पोरं तुझ्याकडे बघून शिकतील, समाजाचं काहीतरी देणं लागतेस का नाही. मग आवाज चढला. मग, अध्यक्षांना शोभणार नाही असा, थोडा रडवेला झाला. मधे मधे मी तिच्याकडे बघत होते. उचकीची वाट बघत होते. एक उचकी आली की समजायचं, मोडली.

आली नाही. ती चहा पीत राहिली. चिडली नाही, मान खाली घातली नाही. माझ्या शिकवणीत हे कुठंच नव्हतं.

सोमवारी एम थ्रीचा पेपर होता. रविवारनंतरचा सोमवार. हे मला माहीत होतं का? होतं, तिनंच दोनदा सांगितलं होतं. मी ते 'रविवारी कॉलेज नाही' असं ऐकलं होतं.

"दुसरं पण आहे," ती म्हणाली. "परीक्षा होईपर्यंत निवेदन पण नाही. आणि तेवढा फ्लेक्स उतरवा जी फाटकासमोरून. मुलं जाता येता उचकी काढून दाखवून राहिली मले."

तिचं गावचं बोलणं माझ्यासमोर पहिल्यांदा इतकं मोकळं आलं असेल. त्या क्षणी मला त्याचंही काही वाटलं नाही. मी म्हटलं, "आणि त्या आनंदीला म्हणालीस का कधी असं? का फक्त मीच सापडले?"

"काल गेले होते कोथरूडला तिच्या घरी. सांगितलं, फाइल नाही लिहिणार. पण एम थ्री सोबत करू. तिचं पण राहिलंय ना."

"मग?"

"आधी रडली. म्हणाली, तू एकदा तरी सांगायचंस ना, मला वाटलं तुला आवडतं लिहायला." दीक्षा हसली, पहिल्यांदाच त्या दिवशी. "मग म्हणाली, करू सोबत, पण तुझी ती काकू येणार असेल तर नाही."

झालं. माझा तोल गेला. "मग बसा दोघी मिळून," मी म्हटलं, "आणि इथं पुन्हा येऊच नकोस."

ती उठली. मोरीत जाऊन कप विसळला, नेहमीच्या जागी पालथा घातला. बॅग खांद्याला लावली. दारात थांबून म्हणाली, "तुम्ही रागावल्या आहात. रागवा. पेपर झाला की मंगळवारी येते चहाला."

आणि गेली.

मी आयुष्यभर 'नाही' म्हणत आले, पण माझं प्रत्येक 'नाही' म्हणजे दार आपटणं. त्यामुळे माझी दारं पुष्कळ बंद आहेत आणि मी त्याला तत्त्व म्हणते. ही पोरगी नाही म्हणाली आणि दार नुसतं ओढून घेऊन गेली, कडी न लावता.

रामदास बाहेर आला. "हे कुणी शिकवलं तिला?"

"मी."

"वाटलं नाही," तो म्हणाला.

शुक्रवारभर मी घरात भांडी आपटली. शनिवारी सकाळी स्टूल घेऊन निघाले. रामदास न सांगता मागून आला, स्टूल धरायला. वसतिगृहासमोर मी चढले आणि दोऱ्या कापायला लागले तर फाटकावरचा वॉचमन धावत आला.

"ओ बाई, परवानगी आहे का?"

"लावताना घेतली नव्हती. काढताना कसली परवानगी?"

"लावताना मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला, "पण तुमचा हात वर केलेला फोटो बघून विचारलं नाही."

फ्लेक्स अर्धा सुटून माझ्या डोक्यावर आला. त्या निळ्या कापडाखाली मी काही वेळ अंधारात उभी होते, वर माझाच हसरा चेहरा. खालून रामदास म्हणाला, "अध्यक्ष, तोंड झाकलं ते बरं झालं, वरून मुली बघतायत." वर बघितलं तर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत दोन डोकी. एक दीक्षाचं, दुसरीला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तिनं मला बघताच ज्या वेगानं डोकं आत घेतलं त्यावरून ती आनंदीच असणार. वही खिडकीतच राहिली होती, पानं फडफडत.

रविवारी शिबिर झालं. झालं म्हणजे सुरू झालं. हॉल बऱ्यापैकी भरला होता, बहुतेक आजूबाजूच्या कॉलेजांतली पोरं. काहींना फ्लेक्स बघून वाटलं होतं की फराळ आहे. दीपप्रज्वलनाऐवजी आम्ही संविधानाची उद्देशिका वाचतो, ती वाचली. मग सगळे प्रमुख वक्त्या कुठायत ते बघायला लागले.

मी रात्रीपासून तीन कारणं तयार ठेवली होती: ताप, गावाकडून निरोप, ताप आणि निरोप. माइक हातात घेतला. पुढच्या रांगेत रामदास बसला होता, हाताची घडी घालून, पक्का प्रेक्षक. आणि कारणं म्हणजे फट, हे माझंच वाक्य मला नेमकं त्याच वेळी आठवलं.

"वक्त्या येणार नाहीत," मी म्हटलं. "नाही म्हणाल्या."

मग मागून एका मुलानं विचारलं, "म्हणजे तुम्ही त्यांना विचारलं नव्हतं का आधी?"

हॉल हसला. मी अशा वेळी काय करते ते खडकीत सगळ्यांना माहीत आहे. माझी मानही तशी वळली होती. पण त्याचा प्रश्न बरोबर होता, आणि बरोबर प्रश्न विचारणाऱ्याला मी आजवर नेहमी स्टेजवर बोलावत आले होते.

"नव्हतं विचारलं," मी म्हटलं. "त्यांचा उद्या पेपर आहे."

"कुठला?"

"एम थ्री."

हॉलमध्ये काहीतरी हललं. एक मुलगी उभी राहिली, सॅक आधीच खांद्यावर. "ताई, उद्या माझं पण आहे. मी जाऊ का?"

"मग आलीस कशाला?"

"मित्रांनी नाव दिलं माझं," ती म्हणाली. "नाही कसं म्हणायचं म्हणून आले."

"जा," मी म्हटलं.

ती गेली. मग तिच्यामागून दोघं. मग एक अख्खी रांग. खुर्च्या सरकल्याचा असा आवाज मी फक्त लाठीमाराच्या वेळी ऐकलाय. हॉल इतका सहज का मिळाला होता ते मला तेव्हा कळलं. उद्या पेपर आहे हे अख्ख्या पुण्याला माहीत होतं, ताणावर शिबिर घेणारी सोडून. शेवटी उरले मी, रामदास, फराळासाठी आलेली दोन पोरं आणि चहाचा मोठा थर्मास. ताणमुक्तीचं माझं शिबिर मुलं घरी पाठवून यशस्वी झालं, असं मी नंतर लोकांना सांगितलं. ते तसं खोटंही नाही.

मंगळवारी दुपारपासून मी दाराकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. दूध जास्त घेतलं होतं. रामदासनं त्यावर एक शब्द काढला नाही, हे त्याचं माझ्यावरचं प्रेम समजायचं.

ती नेहमीच्या वेळेला आली. "जय भीम ताई. पेपर बरा गेला. एक प्रश्न आनंदीनं काल सकाळी बसमध्ये समजावला होता, तोच आला." मी चहा टाकला. माफी वगैरे मला जमत नाही, मी बिस्किटं काढली, क्रीमची, पाहुण्यांसाठी ठेवलेली. तिनं बिस्किट उघडून आतलं क्रीम आधी खाल्लं.

निकाल लागला तेव्हा तिनं आधी गावाला फोन केला आणि मग मला. काठावर सुटली होती. आनंदीला तिच्यापेक्षा जास्त पडले होते, हे ती हसत हसत सांगत होती. "शिकवलं मी, अन् मार्क तिले." खोली राहिली. लाखांदूरला आता सत्काराची दुसरी तारीख शोधतायत म्हणे. मी सांगितलं, नाही म्हण. ती म्हणाली, बघते.

परवा आली होती. आता ती कुणाच्या फाइली लिहीत नाही. कपड्याच्या दुकानदाराच्या मुलीला मात्र केमिस्ट्री शिकवते, कारण ते तिला आवडतं, म्हणाली. उचकी अजून लागते कधी कधी, ओरल परीक्षेच्या आधी. ती पाणी पिते आणि मोबाईल उघडत नाही.

माझं रस्त्यावरच्या दिव्यांचं निवेदन तुंबलं होतं. तोंडावर आलं होतं, "तेवढं जाताना." गिळलं. म्हटलं, "दीक्षा, तुला आज वेळ आहे का गं?"

तिनं विचार केला. खरंच केला, खिडकीबाहेर बघून. "आज नाही ताई. पुढच्या मंगळवारी करते."

"बरं," मी म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडून निघाला तेव्हा रामदासनं चष्मा काढून पुसला.

ती गेल्यावर मी घरच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड पुढं ओढला आणि स्वतः टाइप करायला बसले, एका बोटानं. 'मा. आयुक्त' इथवर आले आणि मला उचकी लागली. रामदासनं पाण्याचा पेला आणून शेजारी ठेवला.

"कुणीतरी आठवण काढतंय," तो म्हणाला. "आयुक्त तर नक्की नाहीत."

मी पाणी प्यायले आणि 'तात्काळ'मधला 'ळ' शोधायला लागले.